पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या

सुमनच्या टाचा लादीवर आपटत होत्या आणि घरातल्या बायका हात जोडून उभ्या होत्या. तेरड्याची गौर आताच पाटावर बसवली होती, तिच्या मुळांची माती अजून ओली होती. माझी धाकटी बहीण सुमन, जिने ती गौर बांधावरून उपटून डोक्यावर घेऊन आणली होती, ती पाटासमोरच आडवी झाली होती. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात खांद्यापासून हिसके खात होता, डोळे उघडे होते पण ती कोणाकडे बघत नव्हती. शेजारची काकी, म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, पुढे झाली. तिने सुमनची वेणी सोडून केस मोकळे केले, कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट भरला आणि विचारलं, “कोन हायेस तू? आमचं काय चुकलं तं सांग.” आयेने ओटीचा नारळ आणून तिच्या पोटावर ठेवला, तो घरंगळत भिंतीला जाऊन लागला. सुमनच्या ओठातून लाल ओघळलं. वरून सांडलेलं कुंकू असेल असं सगळ्यांना वाटलं. मी तिच्या डोक्याशी बसले होते म्हणून मला दिसलं की तिची जीभ दाताखाली चिरडली आहे. मी म्हटलं, “ह्ये अंगात आलेलं न्हाय. हिला दवाखान्यात न्या.” काकी म्हणाली, “गप बस इंदे. आता देवी बोलंल.”

देवी काही बोलली नाही.

आमचं घर भिवंडीजवळ नारपोलीत होतं. घराची मागची भिंत आणि कापड विणायच्या लूमच्या शेडची भिंत एकच. बाने भाताच्या जमिनीच्या एका तुकड्यावर शेड बांधून भाड्याने दिली होती, त्यामुळे आम्ही शेतकरी राहिलो नव्हतो आणि शेठही झालो नव्हतो. दिवसभर त्या भिंतीतून खटखट यायची. फळीवरची पातेली आपोआप पुढे सरकायची, त्यांना पुन्हा मागे लोटणं हे मला लहानपणी दिलेलं पहिलं काम. आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की वीज जाऊन लूम बंद पडले की उलट दचकायला व्हायचं. आये म्हणायची, “कोन मेलं गं?” आणि हसायची. आम्ही सगळेच मोठ्याने बोलायचो. सुमनला कॉलेजातल्या मुली विचारायच्या, तू बोलतेस की भांडतेस. घरात तांदळाची भाकरी, सुकट, कधी वालाचं बिरडं, गौरीच्या दुसऱ्या दिवशी नैवेद्याला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. देवीला चिंबोऱ्या दाखवतात हे ऐकून सुमनच्या मैत्रिणीने कानाला हात लावले होते. सुमन तिला म्हणाली, “आमची गौर माहेरी येते. माहेरी आलेल्या पोरीला काय वरणभात घालायचा?”

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि आयेला घरात आणखी दोन हात लागत होते. माझ्यानंतर तीन वर्षांनी सुमन. ती तेवढ्याच लांबच्या शाळेत गेली, कारण तोपर्यंत घरात मी होते. मी कांड्या भरल्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसतात त्या नळ्यांवर सूत गुंडाळलं, आणि सुमन दहावी झाली, बारावी झाली, बी.एस्सी.ला गेली. याचं मला वाईट वाटलं का असं माझी नात विचारते. वाटलं. पण ते सुमनमुळे नव्हतं. ती अभ्यास मोठ्याने वाचायची आणि मी कांड्या भरता भरता ऐकायचे. बेडकाचं काळीज तीन कप्प्यांचं असतं हे मला तिच्यामुळे ठाऊक आहे. आये तिला टोमणे मारायची, “कालेजात जाऊन नाही नाही बोलायला शिकलीस, घरात जरा हाय बोल.” आमच्या भावकीत एकही मुलगी पदवी झाली नव्हती. बा बाहेर ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की आमची पोरगी सायन्सला आहे, आणि मग लोक आपली दुखणी घेऊन तिच्याकडे यायचे. ती नाही म्हणायची नाही. वहीचा कागद फाडून गोळ्यांची पुडी बांधून द्यायची. लोकांना बरंही वाटायचं, कारण बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात. पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या गोळ्या यायच्या कुठून, ते मी स्वतः पाहिलं. एकदा ती जेवण घरीच विसरली म्हणून मी पोचवायला कॉलेजात गेले. मुलींच्या बसायच्या खोलीत एका खिडकीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. घरात कोणाचं औषध उरलं की ते टाकायचं नाही, आणून त्या डब्यात ठेवायचं, असा त्या मुलींचा नेम होता. अर्धी कापलेली पाकिटं, सुट्या गोळ्या, लाल-काळ्या कॅप्सूल, कोणाच्या आजीची झोपेची, कोणाच्या भावाची खोकल्याची. डबा सांभाळायची नलिनी. ती गावातल्या जुन्या वस्तीतली, वडील नगरपालिकेत कारकून, बोलणं स्वच्छ, सुमनची सगळ्यात जवळची मैत्रीण. मुली तिला डॉक्टरीणबाई म्हणत. मी उभी होते तेवढ्यात एक मुलगी आली.

“नले, माझं तोंड बघ कसलं फुटलंय. रविवारी मला बघायला येणारेत.”

“ही कॅप्सूल घे. सकाळ-संध्याकाळ.”

“किती दिवस?”

“रविवारपर्यंत.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“मग डोकेदुखीची पण आहे.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. कोणी जागरणाची मागायची, कोणी जागरणानंतर झोपेची. जागरणाची ती गोळी आमच्या शेडमधले रातपाळीचे लोक पानाच्या टपरीवरून घ्यायचे, तीच इथे होती. सुमनने मला बाकड्यावर बसवलं आणि नलिनी म्हणाली, “इंदूताई, तुम्हाला काही हवंय का? पाठबिठ दुखते का? लाजू नका, आम्ही बायलॉजीच्या आहोत.”

त्या डब्यात सगळ्यात लवकर संपायची ती पाळी पुढे ढकलायची गोळी. तिची सुरुवात नलिनीच्या घरून झाली. तिच्या भावाच्या मुंजीत तिच्या आईची पाळी येणार होती, म्हणून डॉक्टरने आईला तपासून लिहून दिली. पुढच्या कार्याला आई डॉक्टरकडे गेली नाही, रिकामं पाकीट दाखवून दुकानातून घेऊन आली. मग नलिनीने परीक्षेसाठी घेतली. मग तिच्या सगळ्या वर्गाने. एका बाईला बघून लिहिलेली गोळी न बघितलेल्या सगळ्या मुलींच्या पोटात गेली. आज हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा ती गोळी म्हणजे सुटका होती. त्या मुलींना पोटात कळ येत असताना तीन तास बाकावर बसून पेपर लिहायचा असायचा आणि कॉलेजातल्या संडासाला कडी नव्हती. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीसुद्धा माझ्या साखरपुड्याला तीच गोळी घेतली होती, सुमनने दिलेली. पाळी गेली पुढे. मला काही झालं नाही.

सुमनने गौरीसाठी ती का घेतली त्याला आदल्या वर्षाचं कारण आहे. आमच्या घरात गौर आणायची ती कुवार मुलीने. बांधावर जाऊन तेरडा मुळासकट उपटायचा, जुडी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आदल्या दिवशीच्या जेवणानंतर गौर पाटावर बसेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. हा आमच्याच घराचा नेम, बाकीच्यांकडे एवढं कडक नव्हतं. बरीच वर्षं गौर मी आणली. मग आये म्हणाली आता सुमन आणेल. त्या वर्षी सुमन तेरड्याला हात लावणार तेवढ्यात तिची पाळी आली. सगळ्यांसमोर, बांधावर. काकीने तिथल्या तिथे तिला मागे सारलं आणि मला पुढे केलं. सणात ती घरात नको म्हणून तिला शेडच्या कोपऱ्यात सुताच्या पोत्यांमागे बसवलं. बाहेर बायका गौरीची गाणी म्हणत होत्या आणि सुमनला लूमशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी तिला दुरून ताट सरकवलं. ती म्हणाली, “ताये, मी हितं बेडकावानी बसलीय.” मी हसले तर ती हसली नाही.

पुढच्या ज्येष्ठात माझा साखरपुडा झाला आणि लग्न ठरलेली मुलगी गौर आणत नाही, म्हणजे सुमनशिवाय कोणी नव्हतं. काकीची रंजना होती, पण ती तेव्हा लहान. आये सुमनला म्हणाली, “औंदा तसं नको करूस बाय,” जणू काही मागच्या वर्षी तिने मुद्दाम केलं होतं. सुमन म्हणाली, “नाही होणार.” तिने श्रावण संपायच्या आधीच गोळ्या सुरू केल्या. मी म्हटलं एवढ्या आधी कशाला, मी तर थोड्याच घेतल्या होत्या. ती म्हणाली, गौरीनंतर लगेच कॉलेजची परीक्षा आहे, दोन्ही एकदमच निघेल. एक विसरली की दुसऱ्या दिवशी दोन घ्यायची. नलिनीला विचारलं का म्हटलं तर म्हणाली, “नलिनी पण तशीच घेते.” हे खरं होतं. नलिनी तशीच घेत होती.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. आधी तिने बाम लावला. मग कॉलेजच्या डब्यातली गोळी घेतली, मग दुसऱ्या रंगाची. सकाळी उठली की ओकायची. आये म्हणाली पित्त आहे, हिला आमसुलाचं पाणी द्या. सुमन स्वतःही पित्तच म्हणायची. वाचताना अक्षरं दोन दोन दिसतात म्हणाली, तर बा म्हणाले परीक्षा झाली की चष्मा करू. चष्मा लागणार याचा त्यांना आनंदच झाला होता, शिकलेल्या माणसाची खूण म्हणून. गणपती बसले त्या दिवशी ती आरतीत भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर बाजारात औषधाच्या दुकानात गेले. तिथे काउंटरवरच्या माणसाने विचारलं, “कसली पाहिजे?”

“डोकेदुखीची. साधी नको, ती झाली घेऊन.”

“म्हणजे कडक पाहिजे.”

“कडकच द्या. परीक्षा आहे.”

“परीक्षेने तर आमचं पण डोकं दुखतंय. सकाळपासून सगळी गिऱ्हाइकं कॉलेजचीच.” त्याने कात्रीने पाकिटाचा तुकडा कापून दिला. गोळीचं नाव दुकानात उरलेल्या तुकड्यावर गेलं. मी म्हटलं, हिला दहा दिवस झाले दुखतंय, डॉक्टरला दाखवू का. तो म्हणाला, “दाखवा की. पण सणाचा डॉक्टर कुठे भेटतो?” सुमनने माझा हात ओढला. “ताये, चल. डॉक्टर हेच देणार.” घरी आल्यावर तिने गोळी घेतली आणि दुपारभर झोपली. उठल्यावर म्हणाली बरं वाटतंय. मी तिला बघत होते म्हणून सांगते, तिला बरं वाटत नव्हतं. तिला गौर आणायची होती.

गौरीच्या दिवशी सकाळी ती पुन्हा ओकली. पोटात काही नव्हतंच, आदल्या दिवसापासून पाणीही नाही. मी तांब्या पुढे केला. आये दारात होती. “गौर बसू दे, मग घागर पी.” सुमनने तांब्याकडे पाहिलं आणि मान हलवली. चार वाजता आम्ही बांधावर गेलो. ऊन पडलं होतं, पावसाचं नाव नव्हतं, चिखलावर वाफ होती. तिने तेरडा उपटला, एकदा गुडघ्यावर बसली, उठली, जुडी डोक्यावर घेतली. येताना ती रस्त्याच्या एका कडेला ओढल्यासारखी चालत होती. काकी मागून म्हणाली, “सरल चाल, बाय, दारू प्यायल्यावानी काय चालतंस?” बोलायचं नव्हतं म्हणून सुमन बोलली नाही. तिला बोलता येत होतं की नव्हतं, हे आता कोणी सांगू शकत नाही. आम्ही घराजवळ आलो तेव्हा बाने शेडवाल्यांना सांगून लूम बंद ठेवले होते. त्या शांततेत ती उंबरठा चढली, जुडी पाटावर ठेवली आणि तिथेच पडली.

बायकांनी तिला ओवाळलं, अंगारा लावला, प्रश्न विचारले. हिसके थांबले तेव्हा काकी म्हणाली, देवी शांत झाली. मग दुसऱ्यांदा सुरू झाले. मी उठले आणि ओसरीवर जाऊन बाला म्हटलं, रिक्षा आणा. त्यांनी आयेकडे पाहिलं. आये म्हणाली, “गौर अंगात असताना उंबऱ्याच्या भायेर न्यायची न्हाय.” बा खाली बसले. तिसऱ्या वेळेनंतर सुमन घोरायला लागली आणि तिची साडी ओली झाली. तेव्हा मात्र काकी मागे सरली. देवी साडी ओली करत नाही, एवढं तिलाही कळत होतं.

भिवंडीतल्या डॉक्टरने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि ठाण्याला न्या म्हणाला. रस्त्यावर गणपतीचे ट्रक आणि कपड्याचे ट्रक एकमेकांत अडकले होते. खाडीपूल ओलांडेपर्यंत अंधारून आलं. तिथल्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने डोक्याचा फोटो काढायला सांगितला, मग आम्हाला एका बाजूला घेतलं आणि विचारलं, ही कुठल्या गोळ्या घेत होती का. आये म्हणाली, “काय न्हाय घेत ती. कुवार पोरगी हाय.” डॉक्टरणीने पुन्हा विचारलं. बा शेजारी उभे होते, चुलते होते. अशा गोष्टी आमच्याकडे बाप्या माणसांसमोर बोलत नसत. मी बोलले. पाळी पुढे ढकलायच्या, श्रावणापासून, कधी एक कधी दोन, वर डोकेदुखीच्या, आणि कालपासून पाणी नाही. आयेने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तिथे आठवडाभर काळं होतं. डॉक्टरणीने ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाली, डोक्यातली रक्तवाहिनी रक्ताच्या गाठीने बंद झाली आहे. अशा गोळ्यांनी एखादीला होतं, त्यात पाणी नाही घेतलं की जास्त. डोकं दुखायला लागलं तेव्हाच आणली असती तर काही करता आलं असतं. बाने विचारलं, “आता?” ती म्हणाली बघू. बघू म्हणजे काय ते मला चौथीच्या शिक्षणातही कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन गेली. शुद्धीवर आली नाही, कोणाशी बोलली नाही. सुतक पडलं म्हणून घरातला गणपती आणि गौर शेजाऱ्यांनी वाजंत्रीशिवाय पाण्यात सोडली. सुमन पडली तिथली लादी आयेने मला धुवायला लावली आणि मी धुतली. नलिनी भेटायला आली ती रडून रडून सुजलेली. आये तिच्या गळ्यात पडून म्हणाली, “गौरीला आवडली माजी पोर, घेऊन गेली.” नलिनीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बाहेर ओसरीवर नेलं आणि डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पण इंदूताई, मी पण तेवढ्याच घेतल्या. मला का नाही झालं?” ती परीक्षेला बसली. पास झाली. पुढे शाळेत शिक्षिका झाली. त्या परीक्षेसाठी तिने गोळ्या घेतल्या होत्या का, हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे.

वर्षाच्या आत माझं लग्न उरकलं. पुढच्या गौरीला मी माहेरी आले. मला वाटलं होतं यंदा काही करणार नाहीत. पण आये म्हणाली, देवी एक पोर घेऊन गेली, तिला दारातून परत पाठवली तर आणखी काय नेईल. रंजना आता वयात आली होती, तिने आणायची. मी काकीच्या घरात गेले तर काकी रंजनाला पाण्याबरोबर गोळी देत होती. तीच गोळी. मी म्हटलं, “काकी, सुमन ह्यानंच मेली.”

“सुमनला देवीनं नेली.”

“डॉक्टरीण माज्यासमोर बोलली.”

“तिला काय म्हाईत? ती आपल्यातली हाय?” काकीने पाकीट कमरेला खोचलं. “तू पन खाल्लीस ना साखरपुड्याला? तुला काय झालं? धडधाकट हायेस. सासरी गेली नि लागली शिकवायला.”

रंजना दोघींकडे बघत होती. मी तिला म्हटलं, थुंक. तिने आधीच गिळली होती. मी आयेकडे गेले. आये गौरीचा पाट घासत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “काकीला तिचं कळतंय.” मी बाच्याकडे गेले. बा ओसरीवर बसले होते. हल्ली ते कोणाला काही सांगत नसत. ते म्हणाले, “बायकांचं हाय ते.” मी पुन्हा रंजनाकडे गेले आणि तिला निदान पाणी पी म्हटलं. ती म्हणाली, “ताये, गौर बसल्यावर पिईन.” संध्याकाळी तिने गौर आणली. सरळ चालत आणली. पाटावर बसवली, नमस्कार केला, तांब्याभर पाणी प्याली आणि चिंबोऱ्या धुवायला बसली. तिला काहीही झालं नाही. त्यानंतर आमच्या आळीत माझं कोणी ऐकलं नाही. रंजना समोर हिंडत होती, तिच्यापुढे माझं बोलणं काय टिकणार? हळूहळू आळीतल्या सगळ्या बायकांकडे ती गोळी आली. माझ्या सुनेने तिच्या भावाच्या लग्नात घेतली. मी सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि घेतली. माझ्या नातीला सांगायची वेळ येईल तेव्हा मी सांगेन, पण ती ऐकेल असं मला वाटत नाही.

आमच्या घरात ती गोळी तेव्हा तिघींनी घेतली, मी, सुमन आणि रंजनाने. मी आणि रंजना आहोत.